हिस्केबाईंचे थंडीतले डास

आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीला पडदे आहेत, पण ते ओढायचे नसतात. धुवायचे, इस्त्री करायचे आणि दोन्ही बाजूंना नीट बांधून ठेवायचे. संध्याकाळी दिवा लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं घर दिसतं. कोण काय जेवतंय, कोणाची मुलगी आलीय, कोण कोणाशी अबोला धरून बसलंय, सगळं. ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही त्याने पडदा कशाला ओढावा, असा आमचा साधा हिशेब. आणि कोणी ओढलाच तर दुसऱ्या दिवशी बेकरीत पावापेक्षा त्या पडद्याचीच उलाढाल जास्त होते.

त्यामुळे समोरच्या हिस्केबाईंचं डोकं फिरलं ही बातमी गावाला कळायला मुळीच वेळ लागला नाही. जे काही चाललं होतं ते भर खिडकीत चाललं होतं.

हिस्केबाई म्हणजे आमच्या गावाच्या पोहण्याच्या बाई. आमच्याकडे घरापुढे कालवा, घरामागे कालवा आणि मधली जमीन खणली तर तिथेही पाणीच. तेव्हा पोर चालायला लागलं की त्याला पोहायला धाडतात. शेवटच्या परीक्षेला अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून पाण्यात उतरावं लागतं, कारण कालव्यात पडताना कोणी पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. गावातल्या दोन पिढ्या बाईंच्या हाताखालून बुडत-बुडत पार झाल्या. त्यांच्या हातात कायम एक आकडी असे. लांब दांडा आणि टोकाला वाकडा आकडा. बुडणाऱ्याला ओढून काढण्यासाठी होती ती, पण काठ धरून लटकणाऱ्याला परत पाण्यात ढकलायलाच जास्त वापरली गेली. माझा नवरा ओबे अजून सांगतो की स्वप्नात ती आकडी दिसली की तो पाय मारायला लागतो. बाईंनी त्याचं नाव ‘ओंडका’ ठेवलं होतं. आता तो साठीला आला, पण बाई समोर आल्या की पोट आत घेतो.

आणि बाईंच्या डोक्यावर असे लाल रबरी टोपी. तिच्यामुळे बाई पोहण्याच्या तलावाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येत. ती टोपी एके वर्षी नाहीशी झाली. मी तेव्हा तलावाच्या खिडकीत तिकिटं देत होते, म्हणून संशय माझ्यावर. तोंडाने त्या कधी बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांच्या घरी मला केकचा तुकडा मिळायचा तो कडेचा, कोरडा. मीही मूग गिळून खात राहिले.

बाई अशा नाकावर माशी बसू न देणाऱ्या, आणि त्यांचा नवरा सित्से म्हणजे लोणी. नोकरी दूध-कारखान्यात, जीव हातोडी-करवतीत. आमच्याकडे प्रत्येक पुरुषाला वाटतं की घरातलं काम बाहेरच्या माणसाला सांगणं म्हणजे नामुष्की. सित्सेला ते जरा जास्तच वाटे. दुर्दैव एवढंच की त्याच्या हातून एकही गोष्ट सरळ होत नसे. त्याने ठोकलेल्या फळीवर संत्रं ठेवलं की ते आपलं आपण दुसऱ्या टोकाला फिरायला जाई. पण यावर बाईंसमोर कोणी हसायचं नाही. ‘‘तुझ्या घरात आहे का फळी?’’ असं विचारून त्या हसणाऱ्याला गार करत.

सित्सेचं शेवटचं काम म्हणजे दारातून आत गेल्यावरच्या बोळातली जमीन. ओकच्या फळ्या. आजारी होता, गुडघ्यांवर बसून दम लागायचा, तरी हट्टाने एकट्याने बसवल्या. ओबे मदतीला म्हणून गेला आणि बघतच राहिला.

‘‘सित्से, अरे झडप कुठे गेली?’’

आमच्या घरांच्या खाली पोकळी असते, इतकी बुटकी की रांगतच जावं लागतं. सगळे पाइप तिथून जातात. तिची झडप, म्हणजे खाली उतरायचं झाकण, दाराच्या आत, पायपुसण्याखाली. सित्सेने झडपेवरूनच फळ्या मारल्या होत्या.

‘‘खाली कोण जातंय?’’ सित्से म्हणाला. ‘‘मी बघून घेतलंय खालचं सगळं. आता शंभर वर्षं उघडायला नको.’’

वसंत लागायच्या आत तो गेला. त्यानंतर बाई त्या बोळात बूट घालून कधी गेल्या नाहीत. पाहुण्यालाही दारातच बूट काढायला लावत. आमच्याकडे अशी पद्धत नाही, पण बाईंना विचारणार कोण!

तर त्यानंतरच्या हिवाळ्याची गोष्ट. कालवा गोठला होता, लोक माळ्यावरून बर्फावर घसरायचे स्केट काढून त्यांना धार लावत होते. अशा थंडीत डास हा शब्दही कोणाच्या मनात येत नाही. आणि नेमकं तेव्हा, पाचच्या सुमाराला काळोख पडून दिवे लागले की समोरच्या खिडकीत बाई कोचावर चढायला लागल्या. हातात ती जुनी आकडी, तिच्या टोकाला फरशी पुसायचं ओलं फडकं बांधलेलं. छतावर धाप. कोपऱ्यात धाप. मग कोचावरून खुर्चीवर उडी, ऐंशीकडे झुकलेल्या बाईची! आणि तोंड सारखं चाललेलं.

मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी. म्हणजे मी काही मुद्दाम बघत नव्हते. माझ्या कुंड्या तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, ‘‘हिस्केबाई, छताला काय झालंय?’’

‘‘जाळी काढतेय कोळ्यांची.’’

‘‘रोज?’’

‘‘कोळी रोज काम करतो. मी पण करते.’’

एवढं बोलून त्यांनी गळ्याचा मफलर घट्ट केला. घरातही मफलर गुंडाळलेला! मला वाटलं थंडी असेल.

मग एका संध्याकाळी ओबे त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला गेला. बेल वाजवणार तेवढ्यात आतून आवाज आला, तलावावरचाच तो जुना आवाज: ‘‘थांब, सित्से! कुठे पळतोस? काल हातावर तुरी दिल्यास, आज तुला सोडत नाही!’’ आणि धाप.

ओबे पार्सल तिथेच ठेवून परत आला. तोंड पांढरंफटक. ‘‘नीन्के,’’ तो मला म्हणाला, ‘‘बाई सित्सेशी बोलतायत. आणि त्याला मारतायत.’’

‘‘जिवंतपणी मारलं नाही, आता कशाला मारतील?’’ मी म्हटलं. पण दाराला कडी लावलीय ना ते दोनदा बघितलं, खोटं कशाला सांगू.

आणि या शहाण्याने काय करावं? मला न विचारता युट्रेख्ट शहरातल्या बाईंच्या मुलीला, मारिटला, फोन केला. कळल्यावर माझा तिळपापड झाला. ‘‘अरे ओंडक्या,’’ मी म्हटलं, ‘‘शेजाऱ्याच्या खिडकीत बघायचं असतं, खिडकीतलं बाहेर सांगायचं नसतं!’’ तो म्हणाला, ‘‘चांगल्या मनाने केला गं.’’ चांगल्या मनाने माणूस काय काय करून बसतो!

मारिट आलीच शनिवारी. वकील आहे, बोलणं नीटनेटकं, आईचंच नाक. तिने शहरात म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एक सदनिका बघून ठेवली होती. तिथे खाली कॉफी मिळते, वर जायला लिफ्ट, शिवाय ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या पक्क्या बसवलेल्या, उघडतच नाहीत.

‘‘उघडतच नाहीत?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मग ती खिडकी कसली? तो टीव्ही झाला.’’

‘‘आई, लोक बोलतायत.’’

‘‘लोकांना तोंड दिलंय ते कशाला?’’

‘‘तू बाबांशी बोलतेस?’’

यावर बाई उठून कप विसळायला गेल्या. ते मारिटला नको तेवढं बोलकं वाटलं. ‘‘तुझ्या वाढदिवसापर्यंत विचार कर,’’ ती म्हणाली. ‘‘पण मला नीट कारण सांगितलं नाहीस तर मी त्या जागेला हो म्हणणार. मला रात्री झोप येत नाही, आई.’’ हे सगळं मारिटनेच नंतर माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत सांगितलं. त्या पोरीचं मला वाईट वाटलं. बाईंना त्या घरातून काढणं म्हणजे मासा फडताळात ठेवण्यासारखं होतं, हे तिलाही कळत होतं.

वाढदिवस जानेवारीत. आमच्याकडचा वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं गोल रिंगण. आल्यावर रिंगणातल्या प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन करायचं. मुलीला म्हणायचं ‘आईबद्दल अभिनंदन’, शेजारणीला म्हणायचं ‘शेजारणीबद्दल अभिनंदन’. मग बसायचं. कॉफी, गुलाबी साखरेचा थर दिलेल्या केकचा एक तुकडा, आणि पुन्हा कॉफी. दुसरा तुकडा कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. मला मिळाला तो कडेचाच.

रिंगणात आम्ही दोघं, मारिट, नव्या पाद्रीबाई आणि गल्लीतले सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या. बाहेर कडाक्याची थंडी, आत माणसांच्या श्वासाने ऊब. थोड्या वेळाने मला मानेवर काहीतरी चावलं. मी हळूच खाजवलं. बघते तर ओबे पायाने पाय घासतोय. समोरची म्हातारी बशीआड मनगट चोळतेय. एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांचं लक्ष गेल्यावर ‘‘छान केक!’’ म्हणाला. जानेवारीत यजमानणीच्या घरात डास आहे असं म्हणायचं म्हणजे तिचं घर घाणेरडं आहे असं म्हणायचं. तेही वाढदिवसाला! सगळे खाजवत होते आणि हवामानावर बोलत होते.

मारिटने कप खाली ठेवला. ‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘सगळे आपलेच आहेत. आपण त्या जागेचं ठरवूया ना?’’

बाई उठल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या तीन ढांगांत रिंगण ओलांडून गेल्या आणि पाद्रीबाईंच्या कपाळावर त्यांनी फाडकन एक चापट दिली.

कोणाच्या तरी हातून कप पडला. मारिटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘‘बघितलंत?’’ ती म्हणाली. ‘‘बघितलंत ना? मी हेच म्हणतेय.’’

पाद्रीबाई बिचाऱ्या डोळे मिटून बसलेल्या. बहुतेक दुसरा गाल पुढे करायचा की कपाळ, याचा विचार करत असाव्यात. आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा बाईंसमोर आवाज चढवला. स्वतःच्या मानेवर थप्पड मारून तो ओरडला, ‘‘डास! आईशप्पथ, डास आहे!’’

‘‘मला तीन चावले,’’ समोरची म्हातारी म्हणाली.

‘‘मला कधीपासून चावतायत!’’ टाळीवाला म्हणाला.

मग काय, बांध फुटला. सगळे बाह्या वर करून दाखवायला लागले. बाईंनी तळहात उघडला. त्यात डास होता, आणि पाद्रीबाईंच्या रक्ताचा ठिपका. त्यांनी मफलर सोडला तर गळाभर लाल गांधी.

मारिट बघत राहिली. ‘‘म्हणजे तू रोज... डास मारत होतीस?’’

‘‘मग काय, छताला पोहायला शिकवत होते?’’

‘‘आणि बाबांचं नाव?’’

बाईंचे कान लाल झाले. ‘‘एवढ्यांना वेगवेगळी नावं कुठून आणू? एकच ठेवलं. घरात रात्रभर गुणगुण करून झोपू न देणारा मला दुसरा कोण माहीत आहे?’’

रिंगण खो-खो हसलं. मारिट हसली नाही. ‘‘अगं, मग सांगितलं का नाहीस? मी वेड्यासारखी...’’

‘‘सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की कुठून येतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मग झडप उघडावी लागली असती.’’ त्या बोळाकडे बघत नव्हत्या, पण आम्ही सगळे बघायला लागलो. दार उघडंच होतं. सित्सेच्या फळ्या नागमोडी जात होत्या आणि लख्ख चमकत होत्या.

आता कोणी हसेना. मारिट आईजवळ जाऊन उभी राहिली. ‘‘आई, खाली पाणी साचलंय. असंच राहिलं तर खालची लाकडं कुजतील. मग डासांमुळे नाही, घरामुळेच तुला इथून निघावं लागेल. बाबांच्या फळ्या ठेवायच्या असतील तर घर जाणार.’’

बाई बोळाच्या दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, ‘‘ओंडक्या, करवत आण.’’

ओबे धावत गेला, धावत आला. कापायला पुढे झाला तर बाईंनी करवत काढून घेतली. ‘‘मी कापणार. तू वाकडं कापशील.’’ पायपुसणं बाजूला केलं, फळ्यांवरून एकदा हात फिरवला. मग गुडघे टेकले आणि कापायला लागल्या. सित्से जसा बसायचा तशाच. आम्ही सगळे बोळात दाटीवाटीने उभे. करवतीचा आवाज आला की मला दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं होत होतं. बाईंच्या नाकावरून पाणी टपकत होतं. ते घामाचं आहे असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

चौकोन निघाला. खालची झडप उचलली आणि उबदार, साबणाच्या वासाची वाफ वर आली, तिच्याबरोबर डासांचा लोटच. पाद्रीबाई काहीतरी पुटपुटल्या, ते बायबलमधलं नव्हतं.

‘‘खाली जायला हवं कोणीतरी,’’ ओबे पोटाकडे बघत म्हणाला.

मारिटने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. वाढदिवसाचे चांगले कपडे, पायांत बूट. ‘‘कपड्यांत पोहायची परीक्षा पास आहे मी,’’ ती म्हणाली आणि झडपेतून उतरली. तिथे कोपरभर पाणी होतं, कोमट. ती विजेरी घेऊन रांगायला लागली, आणि वरून बाई, हातात आकडी, जणू मधली चाळीस वर्षं झालीच नाहीत: ‘‘हनुवटी वर! घाई नको! श्वास सोड! आता डावीकडे!’’

‘‘आई, हा तलाव नाहीये!’’ खालून आवाज आला.

‘‘पाणी ते पाणीच!’’

मग खालून काही ऐकू येईना. आणि मग विचित्र आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा कळेना. ‘‘न्हाणीचा पाइप गळतोय,’’ मारिट म्हणाली. ‘‘सांध्याला बाबांनी काहीतरी गुंडाळलंय. तारेने बांधलंय. सुटलंय आता. आई, आकडी दे.’’

आकडी खाली गेली आणि तिच्या टोकाला लटकत वर आली ती लाल रबरी टोपी. चिरलेली, बुळबुळीत, पण लालच.

बाईंनी ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. ‘‘मी बघून घेतलंय खालचं सगळं,’’ त्या सित्सेच्या आवाजात म्हणाल्या. ‘‘शंभर वर्षं उघडायला नको!’’ मग आणखी काही आठवलं तसं त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘आणि मी मूर्ख, रोज टब भरून आंघोळ करून या डासांना खाली गरम पाणी सोडतेय!’’

ओबेने वाकून कापलेला चौकोन पाहिला. मी त्याला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. ‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘सित्सेच्या फळ्यांत ही एवढीच सरळ रेघ आहे.’’

बाईंनी ओबेकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं, आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बोळातच बसल्या. खालून मारिट विचारत होती, ‘‘काय झालं? मला कोणी वर काढणार आहे का?’’ सित्सेवर हसताना बाईंना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मारिट वर आली ती चिंब, डोक्यात जळमटं. आईचा टॉवेल गुंडाळून रिंगणात बसली आणि म्हणाली, ‘‘त्या जागेला मी उद्या नाही म्हणून सांगते.’’ बाईंनी मान हलवली, जशी परीक्षा पास झालेल्या पोराला बघून हलवत. मग केक कापायला घेतला आणि माझ्या बशीत दुसरा तुकडा ठेवला. मधला. त्यावर गुलाबी साखर जाड होती. माफी वगैरे त्या बोलल्या नाहीत, आणि मी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

पुढे प्लंबर आला, पाइप बदलला, पाणी उपसलं. मारिटने त्या चौकोनाला पितळी कडी लावून घेतली, आणि महिन्यातून दोनदा यायला लागली. बर्फ वितळेपर्यंत डास संपले. खिडकीत बाई विणकाम करताना दिसत, शहाण्यासारख्या. बेकरीत लोकांना दुसरा विषय मिळाला.

मार्च लागला तेव्हा एका तिन्हीसांजेला मी कुंड्यांना पाणी घालत होते. समोर दिवा लागलेला. बाई कोचाशेजारी उभ्या होत्या, हातात आकडी. फडकं बांधलेलं नव्हतं. छत पांढरं स्वच्छ, एक ठिपका नाही. त्या वर बघत होत्या आणि ओठ हलत होते. थांबत होत्या, ऐकल्यासारखं करत होत्या, पुन्हा बोलत होत्या. एकदा हसल्याही.

ओबे माझ्या मागे येऊन उभा राहिला. ‘‘नीन्के,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘आता तर डास नाहीत गं. मारिटला फोन करू का?’’

‘‘ओबे, त्या कुंड्या उचल.’’

‘‘का?’’

‘‘उचल म्हटलं ना.’’

त्याने कुंड्या उचलल्या. मी पडद्याच्या दोन्ही गाठी सोडल्या. कड्या गंजल्या होत्या, सरकेनात. दांडीवरची धूळ नाकात जाऊन ओबेला शिंका आल्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, मी आमचा पडदा ओढून घेतला.